शाकारणीच्या दिवशीची हाक

मंडळी, सुरुवातीलाच एक विचारतो. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला तसं तोंडाने सांगावं लागतं का?

बघा, माना हलल्या! पुरुषांच्या बाजूच्या सगळ्या आडव्या. 'त्यात काय सांगायचं बुवा, कळतंच की.' आणि बायकांच्या बाजूला? एक मान हलत नाही. नुसत्या गालात हसताहेत. तबलजी, तुम्ही हसू नका, तुमच्या घरचं माणूसही तिकडेच बसलंय.

बरं, उत्तर मी देत नाही. उत्तर नांदकोंडात आहे, धाकू आग्र्यांच्या घरात. चला, तिकडे जाऊ.

नांदकोंड म्हणजे घाटाच्या अगदी पोटाशी टेकलेला गाव. ढग घाटाला अडले की सगळं पाणी यांच्या डोक्यावर. चार महिने पाऊस असा, की शेजारच्या घरी विस्तव आणायला जायचं तरी माणूस विचार करतो. घरं मातीच्या भिंतींची, वर नळ्याची कौलं. आता मातीची भिंत उन्हाला भीत नाही, थंडीला भीत नाही. भिते ती फक्त वरून टपकणाऱ्या थेंबाला! एक कौल सरकलेलं राहिलं, तर श्रावणात भिंत फुगते आणि भाद्रपदात बसते. म्हणून वैशाखात घर शाकारायचं. सगळी कौलं काढायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची, पुन्हा ओळीने लावायची. वांदर नाचून गेलेले असतात, मांजरं भांडून गेलेली असतात, वाऱ्याने तर काही विचारायलाच नको.

पण मंडळी, या कामातली मेख ऐका. जो वर चढतो ना, त्याला भोक दिसत नाही! वरून सगळं छप्पर सारखंच. भोक कुणाला दिसतं? जो आत आहे त्याला. म्हणून दारं लावून घ्यायची, घरात अंधार करायचा, आणि एकाने आत उभं राहून वर बघायचं. जिथे उजेडाचा ठिपका, तिथे काठीने कौल हलवायचं आणि हाळी द्यायची. एक वर, एक आत. एकट्याने घर शाकारता येत नाही.

धाकूबाबांच्या घरी आतलं काम कुणाचं? यसूआजीचं, त्यांच्या बायकोचं. आणि तिची हाळी कशी? अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी. "अवो, तिकडे कुठे? डावीकडे! तुमचा जेवायचा हात तो उजवा, दुसरा तो डावा!" लोक म्हणायचे, आग्र्यांचं छप्पर निघालंय, चला, करमणूक आहे.

ती यसूआजी थंडीत गेली. त्याच्या आदल्या साली एकुलता एक मुलगा, म्हादू, तापाने गेला होता. घरात राहिली दोन माणसं. सासरा धाकू आणि विधवा सून सुगंधा. तरणी पोर. पोटी मूल नाही.

आता त्या काळची रीत सांगतो, नाहीतर आजच्या सुनांना पटायचं नाही. सासऱ्याशी सून समोरासमोर बोलत नसे. पदर पुढे, मान खाली. काही सांगायचं तर सासूमार्फत. "सासूबाई, त्यांना म्हणावं पान वाढलंय." हाताच्या अंतरावर बसलेल्या म्हाताऱ्याला सगळं ऐकू आलेलं असे. तरी यसू तेच पुन्हा सांगणार, मग तो हं म्हणणार. यसू गेली, आणि या दोघांमधला रस्ताच बंद झाला.

मग करायचं काय? गोठ्यात तांबू नावाची गाय होती. धाकूबाबा गोठ्यापाशी जाऊन म्हणायचे, "तांबू, ऐक गो, मी खालच्या वाडीत चाललोय. उशीर होईल." आत सुगंधा ऐकायची. संध्याकाळी ती वैरण टाकताना म्हणायची, "तांबू, मीठ संपलंय बघ." ओटीवर धाकूबाबा ऐकायचे. दुसऱ्या दिवशी मीठ हजर! हसताय? हसा. पण त्या गाईएवढी घरची खबर त्या गावात कुणाला नव्हती.

चाललं असंच. पण मंडळी, मिठाचं गाईला सांगता येतं. 'मला फार एकटं वाटतं' हे गाईमार्फत कसं पोचवणार?

सुगंधाला त्या घरात काय वाटत होतं, सांगतो. म्हादूचा सदरा अजून खुंटीला होता. म्हातारा जेवताना ताटाकडेच बघत जेवायचा. आवडलं का, नाही का, काही नाही. तिच्या मनाने घेतलं, की मी या माणसाच्या डोळ्यांसमोर नको आहे. मी दिसले की त्याला मुलगा आठवतो. पांढऱ्या पायाची म्हणत नसेल तोंडाने, पण मनात म्हणत असेल. खरं म्हणाल तर म्हातारा ताटाकडे का बघायचा? वर बघितलं तर डोळ्यांतलं पाणी सुनेला दिसेल म्हणून. पण हे तिला सांगणार कोण? तांबू?

त्यातच वैशाखात तिचा भाऊ आला. जानू. सरळ, कामसू माणूस. ओटीवर बसला, पाणी प्याला, धाकूबाबांना म्हणाला, "मामा, आईचं म्हणणं आहे, सुगंधाला आता घरी न्यावी. इथे कुणाच्या आधारावर राहणार? पावसाआधी घेऊन जातो. तुमचं काय म्हणणं?"

सुगंधा दाराआड उभी. कान ओटीवर. तिचा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता. म्हाताऱ्याने 'राहू दे' म्हटलं असतं ना, तर ती जन्मभर तिथे राबली असती.

धाकूबाबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "माझं काय म्हणणं असणार? तिचं ती बघेल."

झालं. दाराआडची पोर चुलीपाशी जाऊन बसली. धूर नव्हता, तरी डोळे पुसत होती.

आता म्हाताऱ्याच्या पोटात काय होतं? तो म्हणत होता, पोरगी तरणी आहे, पुढे सगळं आयुष्य पडलंय, मी माझ्या स्वार्थापायी तिला इथे कशी डांबू? बोलला एक, ऐकलं गेलं भलतंच. मंडळी, दोघंही चांगली माणसं हो! चांगल्या माणसांच्या घरातच हा घोटाळा फार होतो. वाईट माणसं निदान भांडून मोकळी होतात.

जानू म्हणाला, "शुक्रवारी येतो," आणि गेला.

धाकूबाबा गोठ्याशी उभे राहून म्हणाले, "तांबू, शुक्रवारच्या आत घर शाकारून घेतो. आतून बघायला माणूस आहे तोवर."

शेजारीपाजारी आपापल्या छपरांवर होते. म्हाताऱ्याने एकट्यानेच छपराचं एकेक पाखं, म्हणजे एकेक उतार, उलगडायला घेतलं. सुगंधाने दारं लावली, हातात बांबूची काठी घेतली, डोक्याला फडकं बांधलं आणि अंधारात वर बघत उभी राहिली. उजेडाचे ठिपके दिसत होते. आता हाळी द्यायची. कशी देणार? सासऱ्याला हाक मारायची? छे! तिने काठीने कौल हळूच ढोसलं. फुटेल या भीतीने अगदी हळू. टुक टुक.

वर धाकूबाबा म्हणाले, "मेले उंदीर! कौलांत घर केलंय."

आत सुगंधाने पुन्हा टुक टुक केलं.

"हाड! हाड!"

अहो, ती सून सांगत्येय आणि हा उंदीर हाकलतोय! असं करत सकाळ गेली. बाकीचं पाखं म्हाताऱ्याने आपल्या हाताच्या सवयीने नीट लावलं. राहिला मागचा कोपरा, ज्याच्या खाली त्यांचं स्वतःचं अंथरूण असायचं. तिथे उजेडाचे दोन मोठे ठिपके. सुगंधाला वाटलं, मी शुक्रवारी जाणार. इथे पाणी गळेल, भिंत फुगेल, आणि हा माणूस भिंतीखाली एकटा झोपलेला असेल. उठा म्हणायला घरात कुणी नाही. तिने काठी वर केली आणि तिचं लक्ष वाशाकडे गेलं.

वासा म्हणजे ज्या लाकडावर सगळी कौलं तोललेली असतात. वरून पाहिलं तर धड. पण खालून? वाळवीने आतून खाऊन पोकळ केलेला. भुसा गळत होता. आणि धाकूबाबा तिकडेच सरकत होते. त्यांचा एक पाय त्या वाशावर आला. वासा वाकला. सुगंधाला तो वाकताना दिसला, म्हाताऱ्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. तिने काठी जोरात आपटली.

"थांब रे उंदरा, येतोच तिकडे," म्हणत म्हाताऱ्याने दुसरा पाय उचलला.

मंडळी, आता काय करावं त्या पोरीने? रीत सांभाळावी? गाईला सांगायला गोठ्यात जावं?

"बाबा, थांबा!"

सगळं घर घुमलं. 'मामंजी' नाही, 'अवो' नाही. म्हादू मारायचा तीच हाक तिच्या तोंडून बाहेर पडली, तिलाही कळलं नाही कशी.

वर म्हातारा होता तसा थिजला. एक पाय अधांतरी. बारीक आवाजात म्हणाला, "कोण?"

"मी. सुगंधा. पाय टेकू नका. वासा पोकळ आहे. आढ्याला हात घाला. घातला? आता टेकलेला पाय हळूच मागे घ्या. त्या अंगाला नको, माझ्या आवाजाच्या अंगाला या."

आवाजाच्या अंगाने तो माणूस एकेक बोट सरकत मागे आला. भक्कम वाशावर बसला. मघाच्या जागची दोन कौलं घसरून आत पडली आणि फुटली, सुगंधाच्या पायाशी. तिथे छपराला हातभर खिंडार पडलं, आणि त्यातून ऊन सरळ तिच्या तोंडावर आलं. डोकीचं फडकं सुटलेलं, पदर खांद्यावर, केसांत जळमटं. धाकूबाबांनी वाकून खाली पाहिलं. इतकी वर्षं सून घरात होती, पण तिचा चेहरा त्यांनी आज पाहिला. रडत होती.

"लागलं का गो?"

"नाही." मग म्हणाली, "तुम्ही पडला असतात तर?"

सून खाली समोर उभी असती तर म्हातारा ओटीवर निघून गेला असता. पण छपरावरून जाणार कुठे? आणि खिंडारातून बोलायला गाय मध्ये लागत नाही.

"सुगंधे," म्हणाला, "शुक्रवारी जाणार?"

"तुम्हीच जा म्हणालात."

"मी? मी कधी म्हणालो?"

"तिचं ती बघेल म्हणालात. मी आतून ऐकलं."

"अगो, ते..." म्हाताऱ्याने हातातलं कौल उगाच पुसलं. "राहा म्हणायचं होतं. म्हटलं, मी म्हातारा, माझ्यासाठी तू का अडकून पडावंस. म्हणून राहा म्हणालो नाही."

"आणि मला वाटलं, मी डोळ्यांसमोर नको आहे तुम्हाला."

"तू नको?" म्हाताऱ्याने कौल बाजूला ठेवलं. "म्हादू गेला, यसू गेली. सकाळी आत भांड्यांचा आवाज होतो, म्हणून मी उठतो गो. नाहीतर उठायचं कशाला?"

बघा मंडळी! एवढं पोटात होतं. दोन दुःखं एका छपराखाली, एकाच चुलीवरचं जेवत होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती.

सुगंधाने डोळे पुसले. काय म्हणाली असेल? तर म्हणाली, "बसून काय राहिलात? तो कोपरा उघडा पडलाय. उजवीकडे दोन कौलं फुटकी आहेत, ती काढा. उजवीकडे म्हणत्ये मी, बाबा!"

शेजारच्या छपरावरच्या माणसाने मान वर केली. म्हणाला, "यसूकाकी आली की काय परत?"

शुक्रवारी जानू आला तेव्हा धाकूबाबा वरच होते, वासा बदलायचं काम चाललं होतं. पुढच्या अंगणात, खळ्यात, उभा राहून जानू म्हणाला, "मामा, न्यायला आलोय."

म्हाताऱ्याने या खेपेला तंबाखू मळली नाही. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "जानू, परवा मी अर्धंच बोललो होतो. मला ती इथे हवी आहे. माझी लेक म्हणून हवी आहे. उद्या तिने दुसरं घर मांडायचं म्हटलं, तर ते लग्न मी माझ्या खळ्यात लावून देईन. हे तिलाही सांगितलंय. आता राहायचं की जायचं, ते तिला विचार."

सुगंधा दारात आली. हात मातीने भरलेले. भावाकडे बघून हसली. "दादा, आलास ते बरं झालं. बाबांना वासा एकट्याने पेलत नाही. एक टोक तू धर."

जानूने बहिणीचा चेहरा बघितला. धोतर खोचलं आणि वाशाला खांदा दिला.

तर मंडळी, तुम्ही मला म्हणाल, बुवा, आमच्या घरावर आता स्लॅब आहे. असू दे. स्लॅबच्या घरात काय गळत नाही? एकाच घरात राहून तुम्हीही गाई ठेवल्या आहेत की! कुणी मुलामार्फत बोलतो, "सांग तुझ्या आईला." कुणी मोबाइलवर निरोप धाडतो, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत! दोन भाऊ, मधे नुसती भिंत, आणि तब्येत विचारायची ती शेजाऱ्याला. मागच्या रांगेतले काका, शेजाऱ्याकडे बघू नका, मी तुमच्याकडेच बघून बोलतोय.

काय बोलू, कसं बोलू, म्हणाल. सुगंधाने कुठे फार शब्द वापरले? नावाने हाक मारा. 'जेवलास का' म्हणा. 'तू आहेस म्हणून बरं आहे' म्हणा. जीभ अडखळेल, अडखळू दे. माणूस पडल्यावर मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही हो, ती पडायच्या आधी मारायची असते.

आता टाळ उचला, देवाचं नाव घेऊ. त्याला आपण एवढ्या मोठ्याने हाक मारतो, आणि तो तर हळू म्हटलं तरी ऐकतो. घरात जो कुणी तुमच्या हाकेची वाट बघत बसलाय, त्याला ऐकायला मात्र तुमचाच आवाज लागतो. तेव्हा आरती झाली, प्रसाद घेतला, की पारावर गप्पांना थांबू नका. सरळ घरी जा.