चौथी गादी

आज ढग आहेत हे माझं नशीब म्हणा, भाऊ. काल-परवासारखं ऊन असतं तर गाडीच्या ह्या डब्यात माझा पापड भाजला असता – मे महिना हैदराबादचा, सकाळी आठला पत्र्याला हात लावता येत नाही – आणि आज बघा कसं मळभ धरलंय, वारा सुटलाय, लिंबाची वाळली पानं येऊन ह्या जाळीला चिकटतायत. हौ, इकडं, इकडं, पडद्यामागं. दचकू नका, चोर नाही मी, चोर कुठं असा आतून गप्पा मारतो का? किशनराव माझं नाव, वर तिसऱ्या मजल्यावर राहतो, ही गाडी माझ्या लेकाची, प्रबुद्धची – तुमच्या पार्सलच्या खोक्यावर त्याचंच नाव असेल, बघा. मला वाचता येत नाही, तुम्हीच बघा. आहे ना? मघापासून तुम्ही वॉचमनला हाका तेलुगूत मारताय आणि शिव्या मराठीत देताय, म्हणून म्हणलं, ह्या माणसाशी बोलावं. बिलोलीचे? मग गाववालेच की. आम्ही मुदखेडकडचे. पण इथं नल्लकुंट्यात येऊन पन्नास वर्षं झाली, आता मुदखेडचे तरी कसले.

नक्को, नक्को – फोन नका लावू. बेलही नका वाजवू. जरा ठैरा, दोनच मिनिटं. तुम्हाला घाई आहे, कळतं मला, अजून दहा घरं करायची असतील. दार लागलंय, हौ. त्यानंच लावलं, पण त्याला माहीत नाही. मी सातला आत आलो, पडदे ओढून बसलो, आणि तो चहाचा कप घेऊन बाल्कनीत आला असेल – रोज येतो – आणि चावीचं बटण दाबलं वरूनच. टुक-टुक. झालं. हे सरकतं दार आतून उघडत नाही, आतून लाकडी फळ्या ठोकल्या तेव्हा त्याची मूठ काढली ती काढलीच, म्हणाला नंतर बसवू. मागच्या दाराला पाण्याची टाकी लावलीय. पुढं ड्रायव्हरकडं जावं तर मध्ये शेगडीचं कपाट, आरपार. खिडकी सरकते ती एवढी – वीतभर. मांजर निघेल, म्हातारा नाही निघायचा. आणि गंमत सांगू? ही डासांची जाळी मीच शिवली, पडदे मीच शिवले, असे जाड शिवले की बाहेरून आतलं माणूस दिसू नये. आता कुणाला बोल लावता?

मग हाक का नाही मारली म्हणता. कशाला मारू? मी अडकायला नव्हतो आलो, बसायला आलो होतो. हे बघा – पडदा जरा बाजूला करतो – ही बघा, दिसते? दाराजवळची, अरुंद. ही माझी जागा. उद्या निघतायत सगळे, लडाखला, चाळीस दिवस, वाटेत तंबू ठोकत, नदीकाठी स्वयंपाक करत. आज दहाला सामान भरायला खाली येणार. दार सरकवतील तेव्हा मी इथं बसलेला दिसलो पाहिजे. बस्स. तेवढंच. बोलणार काही नव्हतो. बसलेला दिसलो, म्हणजे मग ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलावं.

गादीवाला होतो मी. चाळीस वर्षं बसच्या सीटा भरल्या, कारखान्यात. सकाळी काथ्या, दुपारी काथ्या, नाकात, कानात, भाकरीत काथ्या. ही बारा सीटांची जुनी गाडी आणली तेव्हा सूनबाई म्हणाली, सीटा भंगारात देऊ. मी म्हणलं, थांब शिल्पा, आत फोम चांगला असतो, वरचं रेक्झीन फाटलेलं असलं म्हणून काय. दोन महिने गच्चीवर बसून सगळं उसवलं, धुतलं, वाळवलं. मग प्रबुद्ध आला मोजपट्टी घेऊन – मागं आडव्या दोन गाद्या, एकीला एक लागून, त्या दोघांच्या. वर फळीवर रोशनीची, नात माझी, चौदा वर्षांची, उंच व्हायला लागलीय म्हणून चार बोटं जास्त धरली. आणि इथं दाराजवळ, तो म्हणाला, ही चौथी तुमची, बाबा. तुम्हाला चढउतार नको. स्वतः म्हणाला. माझ्या अंगाला पट्टी लावली – पाच फूट दोन. चालत्या गाडीत नुसता फोम घालू नये, भाऊ, माणूस चेंडूसारखं उडतं; खाली काथ्या, वर कापूस, आणि वीत-वीतभर अंतरावर दाभणानं सुतळीचा टाका, मग कापूस जागचा हलत नाही. माझ्या ह्या खुब्यात दुखतं म्हणून ह्या बाजूला थोडा जास्त भरला. हात लावून बघा जाळी सारून – नाही पोचत? राहू द्या.

मनकर्णा असती तर तिच्यासाठीही भरली असती. माझी बायको. जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याकडं जुन्या कॅलेंडरातलं एक चित्र होतं – बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी बसलेले बुद्ध, एवढे मोठे की खालची माणसं मुंगीएवढी. कॅलेंडर रद्दीत गेलं, चित्र तिनं कापून स्वयंपाकघरात चिकटवलं, भाताच्या खळीनं. प्रबुद्ध त्याच चित्राखाली जेवून मोठा झाला. ती विचारायची, हे कुठं आहे हो? मला काय माहीत कुठं आहे, मी म्हणायचो, लांब. तर लेकानं शोधून काढलं, लडाखला आहे म्हणाला, आपण जाऊ. आपण म्हणाला. चित्र माझ्या खिशात आहे, वरच्या. खालच्या खिशात? तो दुसरा कागद आहे. दवाखान्याचा.

ते तुमच्या हातगाडीवर काय आहे, भाऊ? खोक्यात? – फ्रीज?

बरं. छोटा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. हौ. तोच.

नाही, काही नाही. बरं झालं तुम्हीच आणला. त्याचीच वाट बघत होते सगळे. काल संध्याकाळी माझी गादी काढून गच्चीवर नेऊन ठेवली ना, ती ह्याच्यासाठीच. पट्टी लावून बघितली प्रबुद्धनं, फ्रीज इथंच बसतो, दुसरीकडं कुठंच बसत नाही. शिल्पाचं बरोबर आहे हो, चाळीस दिवस दूध-भाजी ठेवायची कशात? तिला वाईट म्हणू नका. पंधरा वर्षांत पोरीला चार दिवसांची सुट्टी नाही मिळाली, आधी सासू अंथरुणावर, मग मी. तर ती गादी मी आज सकाळी परत खाली आणली. डोक्यावर. गच्चीपासून चार जिने, लिफ्ट बंद आहे परवापासून. हौ, एकट्यानं! दम? दम कसला लागतोय, चाळीस वर्षं गाद्याच वाहिल्या –

म्हणजे, लागतो. लागतो थोडा. डॉक्टरनी सांगितलंय ना. छाती. काथ्या आणि कापूस जाऊन जाऊन छाती खराब झाली म्हणतात, वर डोंगरावर हवा पातळ असते, तिथं मला झेपणार नाही. बरकतपुऱ्यात तपासून आणलं पंधरा दिवसांपूर्वी, फोटो काढला छातीचा. डॉक्टर इंग्रजीत बोलले प्रबुद्धशी, मग प्रबुद्धनं मला घरी आल्यावर सांगितलं. म्हणून मी नाही जायचं. म्हणून फ्रीज. सरळ आहे. रोशनी तर रडली, आता मला जिनासुद्धा चढू देत नाही, आजोबा हळू, आजोबा बसा. मग मी बसतो. दोन पायऱ्यांवर थांबतो, थोडं खोकतो, तिला बरं वाटतं – मुद्दाम नाही हो. मुद्दाम कशाला खोकेल कुणी. येतो खोकला कधी कधी. आज सकाळी नाही आला, एवढंच.

कागद तिला वाचायला द्यायचा होता म्हणता? रोशनीला? तिला इंग्रजी फाडफाड येतं, मराठीच येत नाही. नाही दिला. असंच. शेजारी मीनाबाई आहेत, त्यांना दाखवला काल – जाऊ द्या.

आणि माझी व्यवस्था चोख केलीय. जशी ही गाडी सजवली ना, तसंच वरचं घरही सजवलंय माझ्यासाठी. न्हाणीत धरायला दांडा. हॉलमध्ये कॅमेरा, छताच्या कोपऱ्यात, लाल डोळ्याचा – तिकडं बर्फात बसून फोनमध्ये मी दिसणार. पडलो तर कळावं. पलंग सरकवला, का, तर कॅमेऱ्यात पूर्ण यावा. रोशनीनं भिंतीवर चित्रं काढून लावलीत, गॅसवर फुली, गोळ्यांवर सूर्य आणि चंद्र. दुसरी चावी मीनाबाईंकडं, जेवण त्यांच्याकडून. आणि बाहेर नका पडू बाबा, लिफ्टचा भरवसा नाही. चाळीस दिवस. इथं निदान जाळीला लिंबाची पानं तरी चिकटतायत.

तसाच बसून राहा म्हणता, येऊ दे त्याला, सांगा तोंडावर. हौ. मीही तेच ठरवून आलो होतो. पण मघापासून तुमच्याशी बोलतोय आणि डोळ्यापुढं येतंय – दार सरकणार, सगळ्यात पुढं रोशनी. ती ओरडणार, आजोबा येतायत! मग प्रबुद्ध काय करेल? पोरीदेखत त्याला पुन्हा तेच म्हणावं लागेल. डॉक्टरनी सांगितलंय, म्हणून. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मान खाली होती त्याची, भाऊ. शर्टाचं बटण फिरवत होता. दुसरीत असताना मास्तरांची छडी लपवली होती त्यानं, तेव्हा असाच उभा होता, बटण फिरवत, आणि तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. आता हे दुसऱ्यांदा म्हणायला लावू त्याला? लेकीसमोर? ती हुशार आहे. बापाच्या बोटांकडं बघेल ती.

मी इथं आलो हेच चुकलं. आता आत राहिलो तरी पंचाईत, आणि बाहेर पडायला वाट नाही.

असं करा. फोन लावा. ऐका ना, लावा – पण मी सांगतो तसंच बोला. म्हणा, साहेब, फ्रीज आणलाय, लई जड आहे, लिफ्ट बंद आहे, गाडी खालीच दिसतेय, गाडीतच ठेवतो, दार उघडा. एवढंच. तो खाली येणार नाही, सकाळी ऑफिसची मीटिंग असते त्याची, दहापर्यंत लॅपटॉपसमोरून उठायचा नाही. सामान दिल्याचा तो ओटीपीचा आकडा मागायचाय ना तुम्हाला, तो ह्याच फोनवर मागून घ्या. माझं नाव काढू नका. मी पडदा ओढतो.

…

टुक-टुक. बघा. म्हणलं नव्हतं? सरकवा, जोरात सरकवा, रुळात माती बसते. हां. बाजूला व्हा, उतरतो मी – हात नको, येतो मला उतरता. आह. वारा छान आहे. वर बघू नका, बाल्कनीत कुणी नाही.

आता खोकं फोडा आणि ठेवा तिथं. थांबा, थांबा, नुसत्या फळीवर ठेवू नका! लडाखपर्यंत खडखड वाजेल आणि चौथ्या दिवशी खालून पत्रा उसवेल. ती गादी घ्या. माझी, हौ, तीच. मधोमध दुमडा – सुतळीचा टाका आहे ना मध्ये, त्या रेषेवर दुमडा, तिथं आपोआप वळते. अजून एक घडी. आता वर ठेवा. खुब्याची बाजू मागं करा, तिकडं कापूस जास्त आहे, वजन तिकडं येईल. दाबा. बघा कसा बसला. हलवून बघा. हलतो? नाही हलत. काथ्या खाली असला की नाहीच हलत. अशी घडी घातली की माझी म्हणून ओळखू येत नाही, त्यांना वाटेल फ्रीजबरोबरचीच आहे, तुम्हीच ठेवली. वाटू दे. गच्चीवर गादी नाही दिसली तर मी सांगेन, मीनाबाईंच्या कामवालीला दिली.

हे चित्र तेवढं – नको. राहू दे माझ्याकडं. त्यांना तिथं खरं दिसणारच आहे.

लावा दार. चला, जा तुम्ही आता, उशीर केला मी तुम्हाला. मी इथं कट्ट्यावर बसतो थोडा वेळ आणि मग जिना चढतो, हळूहळू, खोकत खोकत. रोशनी उठली असेल. बिलोलीला गेलात तर – जा, जा. काय? कागद? तो कशाला विचारता? अहो, जाऊ द्या म्हणलं ना. माझा लेक चांगला आहे, भाऊ. चांगल्या माणसाला नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. मीनाबाई तीस वर्षं नर्स होत्या, असले कागद त्यांना तोंडपाठ. काल चष्मा लावून पुढून वाचला, मागून वाचला, पुन्हा पुढून वाचला, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "किशनकाका, छाती साफ आहे असं लिहिलंय ह्यात. डोंगराचं एक अक्षर नाही. कुणी सांगितलं तुम्हाला असं?"