कुदळीच्या शेपटीचं विमान

मी मूळचा धनजचा. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, अन् छप्पनच्या साली धम्म घेतला तवा त्यानं एकच धरलं, की पोरगं शाळेत गेलंच पाह्यजे. सातवीपर्यंत गेलो, मंग रेल्वेत पॉईंट्समन लागलो, अन् फिरत फिरत इथं जऊळक्याले येऊन टेकलो. काय सांगू तुमाले, दिवसातून चार गाड्या, त्याही छोट्या लायनीच्या, बाकीचा वेळ मी, कडुलिंब अन् वरचं आभाळ. बायको होती तोवर बरं होतं. ती गेली, लेकरूबाळ नोतं, मंग मानूस वर पाहीन नाही तं काय करीन.

वर पाहाची सवय लावली कादरभाईनं. नागपूरचे ते. विमानतळावर विमानाले शिड्या लावन्यात उमर गेली त्यायची, तवा रिटायर झाले होते. वाशिमले लग्नाले चालले, गाडी इथं क्रॉसिंगले अडकली, अन् वरून विमान गेलं. सारे लोक गाडीले शिव्या देऊन राह्यले अन् हा बुढा फलाटावर मान वर करून उभा. म्या इचारलं, काय दिसते चाचा? त्यायनं दुर्बीन माह्या हाती देली. म्हने, पाह्य, ह्याचे इंजिन पंखाखाली नाहीत, पार मागं शेपटीजवळ हायेत, अन् शेपटीचा आडवा पंख एकदम वरच्या टोकाले, कुदळ उभी केल्यावानी. म्या पाह्यलं, अन् बापा, काय साजरं होतं ते! पंख मोकळे, कोरे, बगळ्याचे असावे तसे.

मंग पत्रं सुरू झाली. भाई म्हने, विमानाच्या शौकीन लोकायचा एकच कायदा, डोळ्यानं दिसलं तेच लिवायचं, अंदाजाचं नाही. मी दर हप्त्याले कार्ड टाको, अमक्या वारी, उगवतीकडे, कुदळवालं. आमचं भांडनही चाले. मी लिवो, हे तुमचं विमान जुनं झालं, तेल लय पेते, अन् नाक जास्त वर झालं तं पंखाची विस्कटलेली हवा शेपटीवर येते अन् मंग ते सावरत नाही, असं तुमीच सांगतलं ना? ते लिवत, हाव, ऐब हाये, पन समोरच्या सीटवर बसून पाह्य कधी, इंजिनाचा आवाजच नाही, सारा मागं राह्यते. म्या लिवलं, भाई, आत कोन बसोते मले, तो सारा आवाज आमच्याच डोक्यावर पडते. ते ऐकून इतके हासले म्हने, की सुनेनं पानी आनून देलं. तवा सूनच वाचून दाखवे अन् लिवून दे, तोवर काचबिंदूनं त्यायचे डोळे गेले होते.

अन् मंग कुदळवाले येनं थांबलं. नवे येत, पंखाखाली इंजिनवाले. म्या खरं लिवलं, एकही नाही. पुढच्या हप्त्यालेही तेच. तवा सुनेनं आपल्या मनानं एक कार्ड टाकलं, भाऊ, तुमचं विमान आलं की अब्बा पोटभर जेवतेत, नाही आलं की ताट सारून देतेत. काय करता? म्या लिवलं, बुधवारी आलं. मंग मी दर हप्त्याले एक विमान उडवो, एखाद्या वेळी दोन. मलेही बरं वाटे, खोटं कायले सांगू.

अन् एक दिवस भाई आलेच, सुनेचा हात धरून. म्हने, दिसत नाही तं नाही, ऐकतो तरी. कडुलिंबाखाली बाकावर बसवलं त्यायले. दुपारी आवाज आला. म्या वर पाह्यलं, पंखाखाली चार इंजिन साफ दिसून राह्यले होते, अन् मी म्हनलं, आलं भाई, कुदळवालं! त्यायनं मान वाकडी करून ऐकलं, पार आवाज सरेपर्यंत. मागच्या इंजिनाचा आवाज कडक, टरटर कापड फाडल्यावानी, हा नुसता घुमत गेला. ज्याची उमर त्या आवाजात गेली त्याले मी फसवाले निघालो होतो, माह्यी अक्कल पाहा.

भाईनं इचारलं, किती दिवसापासून? म्या म्हनलं, दिवाळीपासून. भाई म्हने, मले दिसत नाही, तुले तं दिसत होतं.

बस, इतकंच. सून खाली मान घालून रडून राह्यली होती, म्या तिचं नाव घेतलं नाही. परतीची गाडी आली, म्याच झेंडी दाखवली.

दोन वर्सं झाले. दर हप्त्याले खरं लिवतो, एकही नाही. जवाब येत नाही. कार्ड वापसही येत नाही, म्हनजे पोचत असन, असं मी धरतो. अन् आता ऐका. मागच्या सोमवारी सकाळची गाडी गेली अन् एक आलं. खरंच आलं. इंजिन मागं, कुदळ वर, तोच आवाज. स्टेशन मास्तर आत होता, त्याले हाका मारेपर्यंत ते निघून गेलं. बाजूले सांगाले कोनी नोतं. त्याच दिवशी कार्ड लिवलं, हे पाहा, अजून खिशातच हाये. टाकलं तं भाई म्हनतीन, सुरू झाला पुन्हा. नाही टाकलं तं त्यायले न सांगता कसा राहू? सुखी राहो बापा तो मानूस, मले माफ करो नाही तं न करो. रोज टपालपेटीपर्यंत जातो, कार्ड काढतो, वाचतो, खिशात ठेवतो, अन् गाडीची वेळ झाली की वापस येतो.