व्याह्याला पाच चांदण्या

आक्का : नाव काढ म्हटलं की काढायचं. माझा पॉवर विडर तुझ्या त्या ‘पैरा’ ॲपवर आता दिसायला नको मला.

ऋतुराज : आक्का, दोनच विडर हैत आपल्या ॲपवर. तुमचा काढला तर एका विडरावर बेचाळीस घरांची भांगलण कशी व्हायची? उद्या झुंबरबाईचा नंबर हाय. तिच्या उसात गवत गुडघ्याला लागलंय.

आक्का : लागू दे. पंधरा दिसामागं मशीन परत आलं ते ढकलत. गिअरबॉक्स गेलेला. वडगावचा मिस्त्री मला इचारतोय, बाई, कुठल्या चिखलात घातलेलं हे? काल कुठं दुरुस्त हून घरी आलंय. आता पुन्यांदा कुणाच्या हातात दिऊ?

ऋतुराज : म्हणजे आकारामदादांनी चिखलात चालवलं?

आक्का : मी नाव घेतलं व्हय कुणाचं?

ऋतुराज : कशाला घ्यायला पाहिजे? त्या दिवशी बुकिंग त्यांचंच होतं. पण हे बघा, मोबाईलवर काय दिसतंय. आकारामदादा, पाच चांदण्या. तुम्हीच दिल्यात. खाली लिहिलंय, ‘माणूस लई चांगला’.

आक्का : मग काय लिवू? व्याही हाय त्यो माझा. माझी संयोगिता त्यांच्या घरात नांदतीया. व्याह्याला दोन चांदण्या दिल्या आन् उद्या पोरीला त्या घरात कोण टाकून बोललं, तर तू येणार हैस व्हय मधी?

ऋतुराज : आणि तुमच्या पाच चांदण्या बघून सयाजीतात्या परवा त्यांचा विडर दादांना द्यायला तयार झालेत. आता तात्यांना मी काय सांगू? सगळ्या गावाचं हेच. पातं मोडून आलं तरी पाच, डिझेल संपवून आणलं तरी पाच. एवढी सज्जन माणसं आपल्या गावात हैत, हे ॲप काढल्यावरच कळलं मला.

आक्का : दात नको काढूस. आमच्या सासूच्या येळंला बैलांचा पैरा असायचा. आज तुझा बैल माझ्या औताला, उद्या माझा तुझ्या. बैल लंगडत परत आला की सासूबाई बांधावर उभं ऱ्हाऊन त्या घरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आन् सांच्याला त्याच घरात जाऊन ताक मागायच्या.

ऋतुराज : मग तुम्ही पण बोला की.

आक्का : तवा बोललेलं वाऱ्यावर जायचं, लेका. तुझ्या मोबाईलवरचं जात न्हाई. बेचाळीस घरं वाचत बसत्यात.

ऋतुराज : तर मग लिहू नका. तोंडावर सांगा. मी बोलावलंय दादांना, येतीलच आता.

आक्का : आत्ता? अरं मुडद्या, आधी सांगायचं तरी. घरात दूध हाय का न्हाई, ते बी बघितलं न्हाई मी.

(आकाराम दारात येतात. चपला काढून तिथंच थांबतात.)

आक्का : या की पावणं, आत या. पोरगी बरी हाय न्हवं माझी?

आकाराम : बरी हाय. पन गप हाय. पंधरा दीस झालं, इचारलं तर म्हनती, काय न्हाई. आज सकाळी तिनंच सांगितलं, आईकडं जावा, काय असंल ते बोलून या.

आक्का : तिला कसं कळलं?

आकाराम : मशीन ढकलत न्हेताना बघितलं की तिनं.

आक्का : मग आता बोलतेच. पावणं, वल्ल्या रानात घातला न्हवं विडर?

आकाराम : घातला. वाफसा यायची वाट बघवंना. चुकलं माझं.

आक्का : चुकलं म्हंजे? चौदा दीस मिस्त्रीच्या दारात पडून हुता त्यो. माझं रान तसंच पडलं. दुसरा कोण असता, तर बांधावर न्हिऊन इचारलं असतं मी.

आकाराम : बरुबर हाय. पन एक सांगू? राग मानू नगा.

आक्का : सांगा.

आकाराम : न्हेला तवाच खरखर करत हुता. उघडून बघितलं, तर आत तेल तळाला गेल्यालं. काळंकुट्ट.

आक्का : मग तवाच का न्हाई सांगितलं?

आकाराम : विहीणबाईच्या मशीनला नाव कसं ठेवायचं? मी बी पाच चांदण्या दिल्या आन् चालवला तसाच.

ऋतुराज : आक्का, तेल कधी बदललेलं?

आक्का : घेतल्यापास्नं न्हाई. आज बदलू, उद्या बदलू, करत ऱ्हायलं... ऋतू, काढ त्यो मोबाईल. माझ्या विडराखाली आधी लिव, तेल बदललं न्हवतं, मालकिणीची चूक. मग पावण्यांच्या नावाखाली लिव, वल्ल्या रानात चालवला. कबूल हाय न्हवं, पावणं?

आकाराम : कबूल. चांदण्या किती?

आक्का : तीन. मला बी तीनच द्या, जास्ती नको.

ऋतुराज : आणि तात्यांना?

आकाराम : तात्यांना मी सांगतो. हे वाचून मग द्यायचा का न्हाई ते ठरवा, म्हनतो.

ऋतुराज : मग आक्का, तुमचा विडर काढू ॲपवरनं?

आक्का : झुंबरबाईला सांग, सकाळी घिऊन जा. खरखर आली तर तिथंच बंद करायचा आन् मला सांगायचं. माझ्या तोंडाकडं बघत बसायचं न्हाई.

आकाराम : घरी जाऊन संयोगिताला काय सांगू?

आक्का : सांगा, आई भांडली. तिला बरं वाटंल.