पानांआडचे मासे

शोभेच्या माशांच्या दुकानात शिंपीणबाई खाद्याची डबी घेऊन उभी होती. पुढची बाई दुकानदाराशी बोलत होती, तसा हिचाही कान तिकडेच लागला.

“टाकी आहे घरी, रिकामी. पंप, दिवा काही नको, भाऊ. स्वस्तात होईल असंच सांगा.”

“मग तळाला माती घाला, वर धुतलेली वाळू. ही तीन रोपं खोचा आणि टाकी खिडकीशी ठेवा. रोपंच पाणी साफ ठेवतील.”

“आणि मासे?”

“तीन आठवड्यांनी. आधी पाणी मुरू द्या.”

“सोमवारी हवेत हो. सासऱ्यांना दवाखान्यातून घरी आणतोय.”

“बरे झाले का?”

“डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या.”

“अरेरे! टाकीतले आधीचे मासे त्यांचेच होते?”

“जीव होता त्यांचा. आम्ही सगळे दवाखान्यात, घराला कुलूप. एकही वाचला नाही. रोज विचारतात, मासे कसे आहेत? मी म्हणते, मजेत आहेत.”

“दिसले नाहीत तर पानांआड लपलेत म्हणा.”

“फोटो मागितला तेव्हा तेच सांगितलं. आता समोर बसून बघतील.”

“दोन न्या मग. रोज थोडं पाणी बदलत जा. पण नव्या पाण्यात किती दिवस काढतील, सांगता यायचं नाही.”

“डॉक्टरही तसंच म्हणाले.”

दुकानदाराने जाळी पाण्यात घातली. शिंपीणबाई एक पाऊल मागे सरली.

“भाऊ, जरा सावकाश पोहणारे द्या हं. त्यांना चष्म्यातूनही कमीच दिसतं.”