हातानं काढलेले आकडे

भगवंतराव : अवं सूनबाई, जरा वाकून पाय इकडं! हा नऊ पाय, हा सहा पाय. साठ वर्षाच्या मीटरवरचे आकडे, अन् कसे काल लिवल्यासारखे! याले म्हनतात ओरिजनल.

मयुरी : पाहते मामाजी, पण आधी हा फॉर्म भरू द्या. नागपूरच्या प्रदर्शनवाल्यांनी आज बारापर्यंतच मुदत दिली आहे. गाडी, फियाट, सन एकोणीसशे चौसष्ट. गाव, पिंपळगाव राजा. गट, 'मूळ स्वरूपातल्या गाड्या'. आता एकेका भागाचं विचारतात. इंजिन?

भगवंतराव : ओरिजनल.

मयुरी : बंपर?

भगवंतराव : ओरिजनल.

मयुरी : मीटर?

पुष्पांजली : थांबा बाई. मीटरपुढं ओरिजनल लिवू नका.

भगवंतराव : काऊन व पुष्पाबाई? तुया या दुकानात दुरुस्त झालं म्हनून काय ते परायं झालं?

पुष्पांजली : दुरुस्त नाही, काकाजी. ते आकडे म्या काढले. हातानं.

भगवंतराव : मस्करी करून राह्यली.

पुष्पांजली : गाडी बावीस वर्षं गोठ्यात उभी होती तुमची. मीटरात पानी शिरलं, तबकडीवर निस्ता गंज. शून्य अन् शंभर, दोनच आकडे शाबूत होते. बाकीचे म्या तीन केसाच्या ब्रशनं लिवले. काटा जुनाच हाय, आतली मशीन जुनीच हाय. चेहरा तेवढा नवा.

भगवंतराव : अवं, पन म्या सांगतलं होतं ना, ओरिजनलच पायजे! मुंबईहून मागव म्हनलं होतं!

पुष्पांजली : मागवलं ना. भंगारवाला म्हने, त्या काळचा पेटीबंद माल हाय. खोलून पाह्यलं तं आकडे कम्प्युटरवर छापलेले, अन् जुने दिसावे म्हनून वरून चहाचं पानी मारलेलं. वास येऊन राह्यला होता. दिलं परत पाठवून.

भगवंतराव : मंग मले तव्हाच काऊन नाही सांगतलं?

पुष्पांजली : सांगनारच होती. पन मांगच्या सोमवारी तुमी भिंग लावून पाह्यलं अन् म्हनले, 'वा रे जुने लोक! आता असा हात कोनाले हाय?' मले लय बरं वाटलं, काकाजी. म्हनलं, एक-दोन दिवस ऐकून घेऊ. दोनाचे आठ झाले. चूक माईच हाय.

मयुरी : आणि तुम्ही तर त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, मामाजी.

भगवंतराव : तेच तं! साऱ्या गावाले सांगून बसलो, पयलं बक्षीस आपलंच म्हनून. शेजारचा कडूबा तं बँडवाल्याले सांगूनबी आला! पुष्पाबाई, तुयाशिवाय हे कोनाले समजते? तो नागपूरचा साहेब काय तबकडी चाटून पाहीन?

पुष्पांजली : त्याले नाही समजनार.

भगवंतराव : मंग झालं तं! मयुरी, लिव.

मयुरी : काय लिहू?

पुष्पांजली : ओरिजनल लिवायचं असन तं मीटर काढून घेते. गाडी न्या तशीच, भोकासकट.

भगवंतराव : भोकासकट! समोरचे दात पडल्यासारखी दिसन ते!

पुष्पांजली : मंग खरं लिवा. उद्या माया दुकानात कोनी आलं अन् इचारलं, 'बाई, हे ओरिजनल हाय काय?' म्या हो म्हनलं, तं त्यानं कायच्या भरवशावर मानावं?

मयुरी : तुम्ही दोघं ठरवा. तोवर मी पुढचं भरते, वेळ चाललाय. 'गाडी कुटुंबात कशी आली?' हे तर मला पाठ आहे. आजोबांनी चौसष्ट साली कोरी करकरीत घेतली...

भगवंतराव : थांब.

मयुरी : काय झालं?

भगवंतराव : कोरी नोको लिवू.

मयुरी : म्हणजे?

भगवंतराव : बाबानं अडुसष्टले घेतली. अकोल्याच्या एका डाक्टरची होती, चार वर्षं वापरलेली. बाबानं तिथंच रंग मारून घेतला, सीटवर नवं कापड चढवलं. म्या सहा वर्षाचा, मांगं बसलो होतो. गावाच्या शिवेवर बाबानं गाडी थांबोली अन् मले म्हने, 'भगवंता, कोनी इचारलं तं नवी हाय म्हनजो.' मायनं ओवाळलं, नारळ फोडला, सारा गाव गोळा. मले इचारलं. म्या म्हनलं, नवी हाय. तव्हापासून म्हनूनच राह्यलो.

मयुरी : म्हणजे आमच्या लग्नात तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलं ते...

भगवंतराव : तेबी.

मयुरी : आणि शोरूमच्या मालकानं आजोबांना फेटा बांधला, ते?

भगवंतराव : फेटा तं म्याच बांधला. मांगून, गोष्टीत.

पुष्पांजली : हासू नका बाई, मलेबी हासू आवरत नाही.

भगवंतराव : हासा, हासा! मलेच येऊन राह्यलं हासू. साठ वर्षं होत आले, एका फियाटपायी पोटात गोटा घेऊन फिरलो! अन् कायले? बाबा त्या गाडीत बसला का असा ऐटीत हॉर्न वाजवे, का कोंबड्या चार घरं पलीकडं पळत. वापरलेली होती म्हनून काय हॉर्न कमी वाजला तिचा? मयुरी, खोड ते सारं. पयल्यापासून भर. डाक्टरबी लिव, मीटरबी लिव.

मयुरी : मग गट बदलावा लागेल, मामाजी. 'नव्यानं उभ्या केलेल्या गाड्या.' त्यात अठ्ठावीस गाड्या आहेत. बक्षिसाचं काही सांगता येत नाही.

भगवंतराव : अन् कडूबाचा बँड?

मयुरी : वाजू द्या की. बावीस वर्षांनी गाडी सुरू झाली म्हणून.

भगवंतराव : हाव, हे बराबर हाय. वाजू दे.

मयुरी : या गटात एक रकाना जास्तीचा आहे. 'काम कोणी केलं?' ताई, पूर्ण नाव सांगा.

पुष्पांजली : मायं नाव? त्याच्यात?

मयुरी : हो, तुमचंच.

पुष्पांजली : लिवा मंग. पुष्पांजली धम्मरत्न हिवराळे, खामगाव. ऱ्हस्व-दीर्घ पाहून घ्या हं बाई.

मयुरी : पाहिलं. इतकं सुबक लिहायला कुठं शिकलात?

पुष्पांजली : माये बाबा मेहकरले यष्टीच्या पाट्या रंगवत. चिखली, लोणार, शेगाव. म्या त्याईचे ब्रश धुवून देत होती. शाळेत जायच्या आधीच आकडे काढता येत होते मले.

मयुरी : झालं. पाठवला फॉर्म.

भगवंतराव : मंग आता बस गाडीत, पुष्पाबाई. समोर बस. शेगाव रस्त्यानं एक चक्कर मारून येऊ.

पुष्पांजली : म्या? अन् दुकान?

भगवंतराव : दुकान काय पळून जाते? चाल!

पुष्पांजली : येते. काकाजी, खरं सांगू? वीस वर्षं झाले मीटर करून राह्यली. टेबलावर मोटर लावते अन् काटा फिरवून पाहते. चालत्या गाडीत बसून कधीच नाही पाह्यला.

(तिघं फियाटमध्ये बसतात. मयुरी मागे. गाडी दोन आचके देते आणि शेगाव रस्त्याला लागते.)

मयुरी : मामाजी, हळू!

भगवंतराव : हळूच हाय. पुष्पाबाई, माई नजर रस्त्यावर हाय, तू सांग. हालला काय?

पुष्पांजली : हालला! हालला, काकाजी! दहा. वीस. अवं माय, तीसवर आला!

भगवंतराव : एवढी ओरडू नोको व, बाजूचे बैल बुजतीन!

पुष्पांजली : चाळीस! पाहा ना बाई, कसा चारावर येऊन उभा राह्यला. थरथरतबी नाही.

मयुरी : खूप सुंदर, ताई. फक्त... माझा मोबाईल त्रेचाळीस दाखवतोय.

भगवंतराव : ठेव तो मोबाईल पिशवीत! कायले बाईच्या आनंदात खडा टाकते?

पुष्पांजली : नाही काकाजी, मोबाईलच बराबर असन. सकाळी आना गाडी, काटा लावून देते.