लाल पट्टीची ओळ

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयाच्या खाटेवरून बाबा तिची चेष्टा करत होते, “तुझ्या चहापेक्षा इथलं सलाईन बरं.” ते गेल्यावर आठवड्याने त्यांचा राहिलेला चष्मा न्यायला ती पुन्हा त्याच रुग्णालयात आली आणि बाकावर बसली. शेजारी लॅपटॉप उघडून पेशंटच्या मॉनिटरचा प्रोग्राम बनवणारे एक साहेब आणि त्यांच्या हाताखालची मुलगी दबक्या आवाजात वाद घालत होते.

“सर, ही लाल पट्टी बघा. प्रोग्रामची जी ओळ एकाही टेस्टमध्ये चालली नाही, तिला एडिटर लाल करतो.”

“बाकी सगळं हिरवंगार आहे ना? मग चार ओळींसाठी कशाला रडतेस?”

“नेटवर्क गेलं आणि पेशंटची नाडी मंदावली, तर घंटा याच चार ओळी वाजवतात.”

“अगं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! नेटवर्क जाईल कशाला?”

“आत्ता बटण दाबलं की हा नवा प्रोग्राम सगळ्या वॉर्डांत चालू होईल, सर.”

“जुन्या प्रोग्राममध्येही याच ओळी होत्या. घंटा वाजली नाही, अशी एक तरी तक्रार आली?”

“नाही आली.”

“मग दाब.”

“माझा हात होत नाही, सर.”

“आण इकडे, मी दाबतो.”

“थांबा. तक्रार आहे.”

दोघांनी वर पाहिलं. शेजारच्या बाकावरून उठून ती उभी होती.

“माझे बाबा गेले तेव्हा मी जवळच होते. पडद्यावरचा नाडीचा आकडा उतरत होता. घंटा वाजली नाही. कुणाला सांगितलं नाही मी. आता वाजेल, आता वाजेल, म्हणून मी नुसती वाट बघत बसले होते.”