झेंड्यापुढची कुस्ती

हॅलो? …कोण? …धना व्हय! जयभीम रं बाबा, जयभीम. …न्हाई, मोकळीच हाय. वाचत बसलीया. परवा सव्वीस जानेवारीला संविधानाची उद्देशिका मीच वाचणार ना झेंड्यापुढं. …व्हय, सगळं सरळ जातंय, त्या 'सार्वभौम'पाशी तेवढी ठेच लागती. …हो, हो, सांग की. भाच्याला आत्याशी बोलायला मुहूर्त लागतोय व्हय?

…काय?

…परत बोल. आवाज फुटतोय तुझा, पत्र्याखालनं भाईर ये. …हां, आता बोल.

…कुणी काढली? …आरं, पत्रिकेत छापलंय! मी सवता वाचलंय. झेंडावंदन, संचलन, उद्देशिका, लेझीम, आन् शेवटाला मुलींच्या कुस्तीचं प्रात्यक्षिक. एवढं अवघड जोडाक्षर, तरी वाचलं. …रद्द म्हंजे? पुढं ढकलली का काढूनच टाकली?

…काढूनच टाकली.

…थांब जरा, ग्यास बंद करते. अंडी उकडायला टाकल्यात. …दीक्षासाठी, आन् कुणासाठी? सांगलीच्या तालमीतनं सकाळच्या गाडीनं निघालीया. विट्यात गाडी बदलली म्हणून मघाशी फोन आला व्हता. आता येईल दारात माझी नात. काय सांगू तिला?

…कारण काय देत्यात? …झेंड्याचं गांभीर्य. बरं. …लोकं शिट्ट्या मारत्यात, पैजा लावत्यात. बरं. …देशासाठी मेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी मारामारी शोभत न्हाई. …मारामारी? धना, तू तिथंच हुबा व्हतास ना? मग तुझ्या तोंडाला काय कुलूप घातलं व्हतं? …कचेरीचा शिपाई हाय तर काय झालं, शिपायाला तोंड नसतंय?

…आरं ऐक ना. ऐक. मागल्या साली त्याच मैदानात जळत्या चाकातनं मोटारसायकली काढल्या. दांडपट्टा फिरवला, माणसाच्या पोटावर काकडी ठेवून कापली. समद्यांनी टाळ्या पिटल्या, मी बी पिटल्या. पट्टा चालतोय, काकडी चालती. आन् दोन पोरी मोकळ्या हातानं, पंच हुबा करून, आधी हात मिळवून खेळल्या तर झेंड्याचा अपमान व्हतोय?

…मग साहेब काय म्हणत्यात? …अर्ज आला म्हणून. …नवीन हायत, वाद नगं. …हो, हो, कळलं, साहेब चांगला माणूस हाय. चांगल्या माणसांनीच लय येळा घात केलाय माझा.

…काय? कुस्तीची जागा जत्रंत? …असं लिवलंय अर्जात?

…तू घरचाच हायस, तुला काय सांगायचं? माझ्या सासऱ्यांनी आन् तुझ्या आज्यानं एकाच दिवशी घरातले देव नदीत सोडले. तवापास्नं आपल्यातलं कोण जत्रंला गेलंय? औंधाची यात्रा हाकेच्या अंतरावर, तरी आमचा सुगत तिथला पेढा तोंडात घालत न्हाई. आपला सण म्हंजे चौदा एप्रिल, न्हाईतर ही सव्वीस जानेवारी. …आन् जत्रंवाले तरी कुठं घेत्यात? दीक्षाच्या वस्तादांनी गेल्या साली एका जत्रंत इचारलं. कमिटी म्हणाली, पोरींच्या कुस्त्या हितं नगं, सरकारी कार्यक्रमात घ्या. आता सरकारी कार्यक्रम म्हणतोय, जत्रंत जा. मग पोरीनं खेळायचं कुठं? मोरीत?

…हसू नगंस. मला हसू येत न्हाई. सुगतला सांगून सांगून माझी जीभ झिजली. बाप हाय तिचा. चार वर्सं झाली पोरगी खेळती, एकदा डोळ्यानं बघितली न्हाई त्यानं. म्हणतो, पोरीची आपटाआपटी मला बघवत न्हाई. आन् ह्या टायमाला कसा कोण जाणे, कबूल झाला. म्हणाला, 'झेंड्याला मी जातोच, तिथंच बघतो. पटलं तर सांगलीला राहील, न्हाई पटलं तर जूनपास्नं नर्सिंग.' …व्हय, असंच म्हणाला. एसटीतनं रजा काढलीया त्यानं, कवा न्हाई ती.

…मग? परवा बाप येणार, खुर्चीवर बसणार, लेझीम बघणार, आन् घरी जाऊन नर्सिंगचा फार्म भरणार. संपलं. …व्हिडिओ? दाखवला की. मोबाईल उलटा ठेवला त्यानं.

…न्हाई, मी बी वाचत न्हाई जा. सांग तुझ्या साहेबाला. …वाचत न्हाई म्हंजे न्हाई! मी माइकवर समानता, समानता म्हणायचं, आन् माझी नात मागं बॅग धरून बसायची? …माझं नाव छापलंय तर छापू दे. कुस्ती बी छापलीच व्हती की.

…बरं, एक सांग. अर्ज दिला कुणी? …सांग की. …आरं मी काय त्याच्या दारात मोर्चा काढणार हाय? …काढीन बी. नाव सांग.

…कोण गुरुजी?

…आपले मधुकर गुरुजी? …न्हाई रं, तू चुकतोयस. साठीत माझ्या हातात पाटी दिली त्या माणसानं. माझं बोट धरून 'भ' गिरवून घेतला. ते असं करायचे न्हाईत. …सवता आले व्हते? …हां. …हां, पोरी कोण ते त्यांना ठावं नसंल. मीच दीक्षाला म्हणलं व्हतं, गावात बोलू नगंस, तुझा बाप बिचकंल. …आन् झेंडा म्हंजे त्यांचा जीव. झेंडावंदनाला पायात चप्पल घालत न्हाईत ते. त्यांना शिट्टी सोसायची न्हाई, हे बी खरं.

…पण एकट्याच्या अर्जावर कसं काढलं? …अकरा सह्या. …कुणाच्या? कागद हाय तुझ्याजवळ? …फोटो काढलायस, मग वाच की. …हं. …कोंडीबा? आरं, तो सवता पैलवान! दोन्ही कान मोडल्यात कुस्तीत, आन् त्यानं सही केली? …हं. …रंगुबाई. येऊ दे तिला पाण्याला, बघते. …फुडं. …का थांबलास? …धना? …लाइन गेली का काय? हॅलो?

…काय म्हणालास?

…न्हाई.

…दुसरी कुणी भामाबाई असंल. …मोठ्या अक्षरात? …'ई'ची शेपटी खालच्या ओळीपतुर आलीया?

…माझीच हाय.

…थांब. बसते जरा खाली.

…मंगळवारी आले व्हते. …व्हय, गुरुजी. मी पोत्याला टाके घालत व्हते. म्हणाले, भामाबाई, झेंडावंदनाबद्दल अर्ज हाय, वाचा आन् पटलं तर सही करा. मला वाटलं, म्हाताऱ्यांना खुर्च्या मागत असतील. …'वाचा' म्हणाले, धना. दोनदा म्हणाले. मीच म्हणलं, गुरुजी, तुमी आणलेला कागद मी काय वाचायचा? आन् घेतलं पेन. …सही म्हणलं की माझा हात थांबत न्हाई रं. साठीपतुर अंगठाच उठवला. कुणी कागद फुडं केला की वाटतं, बघा, मला येतंय.

…पयल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काय लिवलं व्हतं, ठावं हाय? वाचल्याबिगर सही करायची न्हाई. आमी बारा बायकांनी ते दहा दहा येळा गिरवलं.

…रडत न्हाई. राग आलाय. कुणाचा, ते इचारू नगंस.

…आता साहेब कवापतुर ऐकंल? …उद्या अकराला शेवटची यादी. …सही मागं घेता येती? …मग नवा अर्ज पायजे. …न्हाई, तू लिवू नगंस. …आरं नगं म्हणतीया ना! मी लिवते. येळ लागंल, पर येतंय मला. 'मी न वाचता सही केली' असंच लिवणार. …हसंनात का लोकं. …आन् ते घेऊन आधी गुरुजींकडं. त्यांच्या फुड्यात ठेवणार. म्हणणार, आधी वाचा गुरुजी, पटलं तरच सही करा. …करतील का न्हाई, काय ठावं? न्हाई केली तर माझ्या एकटीच्या सहीचा कागद आणून देते, तू साहेबांच्या टेबलावर ठेव. …शिट्ट्यांचं? ते गुरुजींचं बरोबरच हाय. तेबी लिवते, जो शिट्टी मारंल त्याला मैदानाभाईर काढा.

…सुगतला काय बोलू नगंस. रजा राहू दे त्याची.

…थांब, कुत्रं भुंकतंय. …आली वाटतं. …व्हय, दारातच हाय. पाठीवर ती हत्तीएवढी बॅग. …हसतीया रं. इचारतीया, आजी, 'सार्वभौम' जमलं का?

…न्हाई धना, मीच सांगणार. दुसऱ्याच्या तोंडनं कळायला नगं. …दीक्षा, बॅग खाली ठेव. अंडी मागनं खा, आधी बस हितं. …परवाची तुझी कुस्ती काढली. …गुरुजींचा अर्ज व्हता. …व्हय, आन् त्याच्यावर माझी सही हाय. …अगं, माझीच. …अशी बघू नगंस. भाईर जाऊ नगंस, दीक्षा. वहीतलं एक पान फाडून दे मला, आन् पेन दे. …धना, ठेव रं तू फोन.